छाट

पहिली तपासणी दवाखान्यात झालीच नाही.
ती झाली निपाणीत, विडी कारखान्याच्या ओट्यावर,
मुनशीच्या मांडीवरच्या सुपात.
हजारातल्या साठ विड्या त्यानं बाजूला सारल्या,
तोंडं उघडी, दोरा सैल.
‘अक्काताई, हात कुठं ठेवून आलीस गं?’
छाट.
पुढच्या आठवड्यात शंभरावर. छाट.
करंगळीला विडीचं तोंड मुडपता येईना
आणि हे तिच्याआधी
विडीला कळलं होतं.

मग ती आमच्याकडं आली,
डावा हात पदराखाली धरून, जसं काही उसना आणलाय.
मनगटाच्या वर एक फिकट चट्टा,
भाकरीची कड भाजायची राहावी तसा.
उन्हातून चालत आलेली, सगळं अंग घामेजलेलं,
तेवढी जागा कोरडी.

डॉक्टर हुक्केरी म्हणाल्या, डोळे मीट.
कापसाचं टोक लागलं की तिथं बोट ठेव.
तळवा. बोट बरोबर.
कोपराच्या आत. बरोबर.
चट्टा.
...
भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं.
चट्टा, पुन्हा.
‘बाई, चालू करा की आता,’
ती म्हणाली. डोळे मिटलेलेच.

कोपरामागं नस चाचपली, सुतळीएवढी जाड.
बाईंनी कागदावर कन्नडमध्ये लिहिलं:
स्पर्श इल्ला.
अर्धं आपलं, अर्धं त्यांचं.
हात तिचा.

माझं काम त्यानंतरचं.
कानाची पाळी चिमटीत धरायची, पांढरी पडेपर्यंत.
तिनं आधी बुगडी काढली,
उजव्या मुठीत धरली.
डाव्या मुठीचा भरवसा नव्हता.
ब्लेडची चीर, तांदळाच्या दाण्याएवढी.
खरवडून काचपट्टीवर पसरायचं, ज्योतीवरून फिरवायचं,
लाल रंग ओतायचा, खालून वाफ येईतो तापवायचा,
मग आम्ल.
ज्यानं लाल सोडलं ते आपलं नव्हे.
जे सोडत नाही, हट्टानं धरून बसतं, तेच हुडकायचं.
वरून निळा.
(कितीकदा पट्टी नुसती निळीच निघते
आणि चट्टा तरी खरा असतो.
हे नव्या पोरांना सांगून सांगून दमलो.)

तेलाचा थेंब. शंभर फील्ड, एकेक सरकवत.
निळ्यात लाल काड्या. एकट्या. जोडीनं.
मग झुबके.
काय सांगू, कट्टेच होते ते,
पंचविसा-पंचविसाचे, घट्ट बांधलेले,
सगळ्या एका मापाच्या.
हिच्या आत बसून कुणीतरी विड्या वळत होतं
आणि त्याची छाट नव्हती.

रजिस्टरात लिहिलं, चार अधिक.
‘एवढं मोजता तुमी?’ तिनं विचारलं,
‘मुनशी बी मोजत नाही एवढं.’
बाईंनी गोळ्यांची पाकिटं दिली, बारा महिन्यांची.
लघवी लाल होईल, अंग काळवंडेल, भिऊ नको.
‘सासू विचारंल.’
मग स्वतःच म्हणाली,
‘ऊन लागलं म्हणीन.’

पुढच्या चैत्रात दुसरी पट्टी.
काड्या होत्या अजून, पण मोडलेल्या,
तुकडे, ठिपके, ठिपक्यांच्या तुटक्या रांगा.
अख्खी एकही नाही. म्हणजे जिवंत नाही.
‘काय निघालं?’
माझ्या तोंडून पटकन गेलं, ‘छाट.’
तिचा चेहरा पडला. सवयच ती.

मग तिला स्टुलावर बसवलं, भिंगाला डोळा लावायला सांगितला.
पहिल्यांदा स्वतःच्याच पापण्या दिसल्या तिला.
मग गप्प झाली.
बराच वेळ बघत होती, ओट्यावर बसून बघावं तसं,
आणि मुनशीच्या आवाजात म्हणाली,
‘ह्यातली एक बी चालायची नाही.’

बाहेर रांग होती.
तिनं बुगडी परत घातली.
डावा हात मदतीला वर गेला,
करंगळी वाकडीच,
कानापाशी थोडा थांबला,
खाली आला.